योग मोजून पाहिला तो लोणावळ्यात

हिंजवडीहून रात्री घरी परतणाऱ्याचे खांदे बघा. कानापर्यंत चढलेले, जबडा आवळलेला, आणि कुणी सांगेपर्यंत त्याला ते कळतही नाही. डॉक्टर म्हणतात, ध्यान करा. मग तो मोबाइलवर ॲप घेतो आणि हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजतो. याची मला मनापासून हळहळ वाटते. या कहाणीचा मोठा भाग आपल्या पुणे जिल्ह्यातला आहे.

१२९६ साली आळंदीला समाधी घेणाऱ्या ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाला बसायची जागा अशी रंगवली आहे की, ती पाहून विलासी माणसालाही वाटावं, राज्य सोडावं आणि इथेच निवांत बसावं.

पुढे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था काढली. श्रद्धेवर विसंबून न राहता त्यांनी उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या योगक्रिया करणाऱ्यांच्या पोटातला दाब मोजला, क्ष-किरणांनी आत पाहिलं आणि ते संस्थेच्या 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. योगाची अशी तपासणी तेव्हा जगात इतरत्र क्वचितच होत असेल.

ताणाचं शरीरशास्त्रही त्याच काळात आकार घेत होतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये 'लढा किंवा पळा' ही अवस्था मांडली. संकट दिसलं की ॲड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, पचन मंदावतं. वाघ निघून गेला की शरीर शांत होतं, पण वरिष्ठांचा मेल आणि कर्जाचा हप्ता जात नाहीत, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढंच राहतं. ध्यानात श्वास संथ होतो. उच्छ्वास लांबला की वेगस मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. ध्यानात प्राणवायूचा वापर घटतो, हे १९७० च्या सुमारास अमेरिकेत मोजलं गेलं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात ताण कमी करण्याचा ध्यान-कार्यक्रम बांधला. त्याच्या मुळाशी बौद्ध ध्यान आणि हठयोग होता. इकडे १९६९ मध्ये सत्यनारायण गोएंकांनी ब्रह्मदेशातून विपश्यना ही बौद्ध ध्यानपद्धती भारतात परत आणली. आज स्वारगेटजवळही तिचं केंद्र आहे.

ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा फरक पडतो, याचा मध्यम दर्जाचा पुरावा दिसला. औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. माझे मामा म्हणूनच बीपीची गोळी चालू ठेवून पहाटे बसतात. घोंगडीवर, पाठ भिंतीला न टेकता, वीस मिनिटं. उठतात तेव्हा त्यांचे खांदे खाली आलेले असतात.