आमदाराचं निलंबन

आमदाराचं निलंबन म्हणजे सभागृहाने आपल्याच एखाद्या सदस्याला काही दिवस बाहेर बसवणं. आमदारकी जात नाही, पोटनिवडणूक लागत नाही, फक्त तेवढे दिवस सभागृहात पाय ठेवता येत नाही, प्रश्न मांडता येत नाही. महाराष्ट्रात बरेचदा हे वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून गोंधळ घातल्यावर होतं, पण निव्वळ जिभेपायी सस्पेंड झालेलेही कमी नाहीत, आणि त्यातलं एक गाजलेलं प्रकरण आपल्या नागपूरचंच आहे.

२२ डिसेंबर २०२२, सिव्हिल लाइन्समधलं विधान भवन, हिवाळी अधिवेशन. दिशा सालियन यांच्या मृत्यूच्या प्रकरणावरून सत्ताधारी आमदार एकामागून एक बोलत होते, विरोधक म्हणत होते आम्हालाही बोलू द्या, आणि त्या तापलेल्या वातावरणात राष्ट्रवादीचे जयंत पाटील अध्यक्ष राहुल नार्वेकरांना उद्देशून ‘निर्लज्जपणा’ हा शब्द बोलून गेले. मग नेहमीसारखंच, संसदीय कार्यमंत्री उठले, ठराव वाचला, अध्यक्षांनी आवाजी मतदान घेतलं, ‘होयचे बहुमत’, झालं. अधिवेशन संपेपर्यंत बाहेर. नागपूरचं अधिवेशन मुळात दोनेक आठवड्यांचं असल्याने ही शिक्षा दिवसांच्या हिशेबात लहानच पडते, मुंबईच्या बजेट अधिवेशनात तोच ठराव कितीतरी जड जातो.

सभागृहात बोललेल्या शब्दांवरून कोर्टात खटला भरता येत नाही, घटनेच्या कलम १९४ चं संरक्षण आहे, पण ते कोर्टापासून, सभागृहापासून नाही. बाहेर बोललं तर मात्र दोन्हीकडून कारवाई होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी औरंगजेबाबद्दल मीडियासमोर बोलले, शब्द मागे घेतो असंही म्हणाले, तरी एफआयआर झाला आणि ५ मार्चला अधिवेशन संपेपर्यंत निलंबनही झालं. त्याआधी २०१७ मध्ये विधान परिषदेचे प्रशांत परिचारक पंढरपूरकडच्या प्रचारसभेत सैनिकांच्या पत्नींबद्दल जे बोलले त्यावर सगळा महाराष्ट्र भडकला, दीड वर्षाचं निलंबन झालं, पण ते पूर्ण व्हायच्या आधीच २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं. आणि २०१६ मध्ये एमआयएमचे आमदार वारिस पठाण यांना बोलल्याबद्दल नाही तर न बोलल्याबद्दल काढलं, ‘भारत माता की जय’ म्हणणार नाही म्हणाले म्हणून!

असं दीड-दीड वर्ष बाहेर ठेवणं आता अवघड आहे. ५ जुलै २०२१ ला तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी बसून कामकाज चालवणारे) भास्कर जाधव यांना शिवीगाळ आणि धक्काबुक्की केल्याच्या आरोपावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, मुंबई आणि नागपूर दोन्ही विधान भवनांच्या आवारात बंदी (त्या वर्षी नागपूरला अधिवेशन भरलंच नाही, ती गोष्ट वेगळी). सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०२२ ला ते रद्द केलं. कोर्टाचं म्हणणं असं की निलंबन चालू अधिवेशनापुरतंच करता येतं, त्यापुढे गेलं तर ते हकालपट्टीपेक्षा वाईट, कारण हकालपट्टीत जागा रिकामी होऊन सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी लागते, इथे मतदारसंघाला आमदार असून नसल्यासारखा.

आता स्पष्टच बोलायचं तर शब्द किती वाईट होता यापेक्षा बोलणारा कोणत्या बाकावर बसतो हे जास्त चालतं, ठराव बहुमताचाच असतो ना भाऊ. १ जुलै २०२५ चं बघा, शेतकऱ्यांबद्दल वादग्रस्त बोलले होते भाजपचे बबनराव लोणीकर, त्यावर माफी मागा म्हणत अध्यक्षांच्या आसनापर्यंत धावून गेले साकोलीचे नाना पटोले, आणि एक दिवसासाठी सस्पेंड झाले ते पटोले. तडजोडीलाही मात्र जागा असते, २०२४ च्या जुलैत परिषदेत शिवीगाळ केल्याबद्दल तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवेंना ५ दिवस दिले होते, त्यांनी दिलगिरीचं पत्र दिल्यावर ते ३ वर आले.