फुलीतल्या रायफली म्हणजे स्नायपर नव्हे

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाचा जुना फोटो असावा, डाव्या बाहीवर मनगटाच्या थोडं वर फुली मारल्यासारख्या दोन रायफली दिसाव्यात, की 'हा स्नायपर होता' असं लोक सांगून मोकळे होतात. हे चूक आहे. तो उत्तम नेमबाजाचा बिल्ला. नेमबाजीच्या वार्षिक चाचणीत वरचा दर्जा मिळवणाऱ्याला तो मिळे. त्या चाचणीतला एक भाग बघा: ३०० यार्डांवरचं लक्ष्य, ली-एन्फील्ड रायफल आणि एका मिनिटात १५ गोळ्या, तेही दर गोळीमागे हाताने बोल्ट मागेपुढे करत! बिल्ला कष्टाचाच होता, पण दडून बसून माणूस टिपण्याशी त्याचा संबंध नव्हता. स्नायपरच्या पुढच्या काळातल्या ब्रिटिश बिल्ल्यात रायफलींसोबत 'एस' अक्षर दिसतं. पानांच्या चक्रात 'एलजी' असेल, तर तो लुईस मशीनगन चालवणारा.

असाच घोळ बाहीवरच्या 'व्ही' आकाराच्या फितींचा. हुद्द्याच्या फिती दंडावर, टोक खाली. डाव्या मनगटाकडे टोक वर असलेल्या फिती मात्र चांगल्या वर्तणुकीच्या. त्या साध्या शिपायालाही मिळत. म्हणून बिल्ला ओळखताना चित्राआधी त्याची बाहीवरची जागा पाहावी.