गजग्याचा चटका

परवा अमळनेरच्या बाजारात एका विक्रेत्यानं गजगा, म्हणजे सागरगोटा, फरशीवर खसाखसा घासला आणि माझ्या मनगटाला टेकवला. "बघा, बीमध्ये ऊर्जा आहे! दाराला बांधा, दृष्ट लागत नाही." वीस रुपये! शाळेत मागच्या बाकावरून हाच चटका आम्ही फुकट देत होतो. वर विचारायचो, "कसा लागना?"

ऊर्जा असते ती घासणाऱ्याच्या दंडात. घर्षणानं तिची उष्णता होते. टरफल उष्णतेचं मंदवाहक, त्यामुळे ती घासल्या जागीच साठते. धातूचं नाणं तेवढंच घासा. उष्णता नाणंभर पसरते, चटका तितका बसत नाही.

गजगा चिंच-बाभळीच्या भावकीतला. बांधावर लावला की कुंपणाची चिंता नको. पानाच्या दांड्याला खालून वाकडे काटे असतात. त्यांचेच आकडे टाकत तो शेजारच्या झाडावर चढतो. शेंगही काटेरी, आत एखाद-दोन राखाडी बिया.

खरी गंमत टरफलात आहे. कोवळी बी हिरवट आणि मऊ असते. पक्व होताना ती सुकत जाते आणि टरफल जलाभेद्य होतं. त्यात काठीसारख्या उभ्या पेशी खेटून रचलेल्या असतात. त्यांना माल्पिघी पेशी म्हणतात. पेशींच्या भित्ती जाड, त्यात पाण्याला न जुमानणारी द्रव्यं. आतला गर्भ जिवंत, पण पाणी नाही म्हणून निजलेला. याला भौतिक सुप्तावस्था म्हणतात. शिवाय आत पोकळी, म्हणून बी तरंगते. 1690 च्या दशकात हान्स स्लोन या वैद्यानं स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्याला लागणाऱ्या अशा बिया थेट जमैकाकडून वाहत आल्याचं लिहिलं. तिकडच्या हेब्रिडीज बेटांवरही लोक त्या दृष्ट लागू नये म्हणून पोरांच्या गळ्यात बांधत. म्हणजे आपला विक्रेता एकटा नाही.

मी त्याच्याकडून नवा गजगा घेतला आणि हट्टानं तो ज्यानं चटके द्यायचा तो जुनाही मागून घेतला. शेकडो गिऱ्हाइकांना चटके देऊन त्याची एक बाजू सपाट झाली होती, मध्ये पिवळसर गर दिसत होता. दोन्ही एकाच वाटीत भिजत घातले. नवा आठवड्यानंतरही होता तसाच, नखानं वाजवला तर टणटणीत. झिजलेला दुसऱ्याच दिवशी फुगून लिंबाएवढा झाला. मातीत लावला, बाराव्या दिवशी त्याला मूळ फुटलं.