मिनीच्या ए-सिरीज इंजिनाला ऑइल कूलर बसवणं

ऑइल कूलर म्हणजे इंजिन ऑइलसाठीचा वेगळा छोटा रेडिएटर. पंपाने ढकललेलं गरम तेल ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांमधून फिरतं, मधल्या जाळीतून वारा जातो आणि जरा निवलेलं तेल परत इंजिनात येतं. छोट्या रेस कारला तो लागतोच असं नाही, आणि चुकीचा बसवला तर नसलेला परवडला अशी गत होते. इथे उदाहरण ब्रिटिश मिनीचं घेतलंय, कारण तेलाचे इतके हाल दुसऱ्या कुठल्या छोट्या गाडीत क्वचितच होत असतील.

ए-सिरीज इंजिन १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० बरोबर आलं, तेव्हा ते ८०३ सीसीचं होतं. १९५९ मध्ये मिनीचे डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांनी तेच इंजिन ८४८ सीसी करून मिनीत आडवं बसवलं आणि जागा वाचवायला गिअरबॉक्स थेट इंजिनाखालच्या तेल साठणाऱ्या चेंबरमध्येच घातला. म्हणजे बेअरिंगला जे तेल तेच गिअरला, आणि सगळं मिळून पाच लिटरच्या आतच. गिअरचे दात तेल अक्षरशः चावतात, त्यामुळे ते तापतंही जास्त आणि पातळही लवकर होतं. पुढे मिनीची वेगवान आवृत्ती कूपर एस आली, १९६३ मध्ये १०७१ सीसीची आणि १९६४ मध्ये १२७५ सीसीची, मोंटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ ला मिनीने मारली (१९६६ ला पण पहिलीच आली होती, हेडलाइटच्या नियमावर बाद केली, तो वाद वेगळाच), आणि नंतरच्या कूपर एसला तर ऑइल कूलर कंपनीतूनच बसून यायला लागला.

तेल किती गरम चालतं? चेंबरमध्ये साधारण ८० ते ११० डिग्री सेल्सिअस असेल तर छान. १३० च्या पुढे साधं मिनरल तेल भराभर खराब होतं, प्रेशर पडतं आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटायला लागतो. पण ८० च्या खालीही सुख नाही, तेलात आलेला पाण्याचा अंश आणि पेट्रोल उडून जात नाही, तेल घट्ट राहतं आणि इंजिनाची ताकद ते ढवळण्यातच जाते. २०डब्ल्यू-५० तेलाचा ५० हा आकडाच मुळी १०० डिग्रीला मोजलेल्या जाडीवरून ठरतो (१६.३ ते २१.९ सेंटिस्टोक, हे जाडी मोजायचं एकक), म्हणजे ६० डिग्रीच्या तेलात गाडी पळवायची तर तो हिशोबच लागू होत नाही. म्हणून कूलर विकत घ्यायच्या आधी तेलाच्या टेंपरेचरचा गेज बसवावा आणि एक अख्खी रेस पळवून काटा बघावा. हिल क्लाइंबसारख्या, म्हणजे डोंगर चढायच्या, दीड-दोन मिनिटांच्या शर्यतीत तेल तापायच्या आतच काम संपतं, तिथे कूलर म्हणजे नुसतं वजन.

कूलरची साइझ मोजतात नळ्यांच्या ओळींवर. मिनीला १३ ओळींचा कूलर नेहमीचा, लांब पल्ल्याच्या रेसला १६ किंवा १९ ओळींचा. मोठा घेतला की बरं असं वाटतं, पण मग थंडीत तेल तापतच नाही. त्यावर उपाय म्हणजे ऑइल थर्मोस्टॅट, तो साधारण ८० डिग्रीपर्यंत बरंचसं तेल कूलरला न पाठवता परस्पर इंजिनात वळवतो. तोही नको असेल तर जुना जुगाड आहेच, कूलरच्या तोंडावर टेप मारायची आणि काटा बघून थोडी थोडी सोलत जायची.

बहुतेक जुन्या मिनीत पाण्याचा रेडिएटर इंजिनाच्या बाजूला, चाकाच्या दिशेने असतो, त्यामुळे पुढच्या ग्रिलमागची जागा ऑइल कूलरला आयती मिळते. बाकी गाड्यांत लोक तो सरळ पाण्याच्या रेडिएटरपुढे लावतात आणि मग पाणी तापलं की डोकं धरून बसतात, कारण रेडिएटरला मिळणारी हवा आता आधीच गरम झालेली असते. कडेच्या फटी फोमने बंद कराव्यात, कारण हवा आळशी, तिला बाजूने जायला वाट दिली तर जाळीतून कशाला जाईल. गरम हवा मागून बाहेर पडायला वाट हवी, हे तर बरेच जण विसरतात. तेलाची तोंडं वर किंवा आडवी ठेवावीत, खाली ठेवली तर वर हवा अडकते आणि गाडी उभी असताना तेल उतरून जातं. आणि कूलर रबर बुशवर टांगायचा, थेट पत्र्याला आवळला तर कंपनाने कूलरच्या कानांना (बसवायच्या पट्ट्यांना) तडे जातात.

खरी गंमत पाइपांची. मिनीत ब्लॉकमधून फिल्टरच्या हेडकडे जाणारा धातूचा पाइप बाहेरून असतो, तो काढायचा आणि त्याच्या जागी दोन होज (लवचिक नळ्या) घालायचे, एक ब्लॉक ते कूलर, दुसरा कूलर ते फिल्टर हेड. असा बाहेरचा पाइप नसलेल्या इंजिनाला ब्लॉक आणि फिल्टरच्या मध्ये सँडविच प्लेट, म्हणजे होजची तोंडं असलेली चकती, लावतात. होज बारीक घेऊन पैसे वाचवू नयेत, प्रेशर तिथेच मरतं. फिटिंगचे आटे मात्र नीट बघा. एएन (अमेरिकन) आणि बीएसपी (ब्रिटिश) हे दोन वेगळे प्रकार. एएन-१० ला ७/८ इंचाचा आटा, इंचाला १४ फेरे, म्हणजे २२.२ मिमी, आणि ५/८ बीएसपीलाही इंचाला १४ च फेरे पण व्यास २२.९ मिमी. बीएसपीचा नट एएनच्या तोंडावर ढिला ढिला चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि प्रेशर आलं की सुटतो, पुढे गरम तेल एक्झॉस्टवर पडलं तर आग. आवळताना दोन पाने वापरावेत, एकाने कूलरचं तोंड धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर ॲल्युमिनियमचं तोंडच पिळून निघतं. स्टीलच्या वेणीचा होज दिसायला झकास, पण घासला तर करवतीसारखा पत्रा कापतो, जवळ वायरिंग असेल तर तेही, त्यामुळे क्लिप मारून बांधायचा. दाबून बसवायच्या रबर होजवर वरून क्लॅम्प आवळू नये, फिटिंगच्या बार्बवर (धारदार कंगोऱ्यावर) रबर कापलं जातं.

पहिल्यांदा चालू करताना स्पार्क प्लग काढून सेल्फ मारत राहायचं, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत, मग प्लग लावायचे. १६ मिमी आतल्या व्यासाचा दोन मीटर होजच ४०० मिली तेल पितो, कूलरचं वेगळं, म्हणून थोडं चालवून बंद करून डिपस्टिक परत बघायची.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सिंगल सीटर, म्हणजे एकाच सीटच्या रेस गाड्या. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती उभी केली, त्यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे हा रेस ट्रॅक तिथे आहे. तिकडच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवरच्या उन्हात ब्रिटनमधले आकडे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण कूलर तेलाला फक्त हवेपेक्षा जास्त असलेल्या तापातूनच सोडवतो, हवा ३८ ची असेल तर १५ च्या हवेतला कूलर तोकडाच पडणार. टू-स्ट्रोक गो-कार्टवाल्यांना मात्र ही भानगडच नाही, त्यांचं तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळूनच जातं.

इंजिनाची बेअरिंग उडाली तर कूलर फेकून द्यावा. केरोसिनने धुऊन, हवा मारून, उलटा आपटून किती जण वापरतात, पण चपट्या नळ्यांत अडकलेला धातूचा चुरा पूर्ण निघत नाही. मिनीत निदान कूलरनंतर फिल्टर येतो म्हणून थोडं तरी वाचतं, पण फिल्टर तुंबला की त्याचा बायपास (तेलाला फिल्टर टाळून जायची वाट) उघडतो आणि तोच चुरा नव्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये जातो.