जुन्या कारखान्यात घरे आणि सामुदायिक सभागृह: वापरबदलाचा अर्ज कसा करावा

बंद पडलेला कारखाना, गिरणी किंवा गोदाम यांचे घरांत रूपांतर करायचे असल्यास बांधकामाच्या आधी वापरबदलाची परवानगी घ्यावी लागते. कारण मंजूर नकाशात ‘औद्योगिक’ अशी नोंद असलेल्या वास्तूत राहणे, तिच्या भिंती कितीही भक्कम असल्या तरी, नियमबाह्य ठरते. कायद्यांची नावे आणि शुल्क देशोदेशी वेगळे असले, तरी तपासणीचे विषय बहुतेक ठिकाणी सारखेच असतात.

अर्ज मालकाने किंवा त्याच्या लेखी संमतीने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्टेदाराने करायचा असतो. सहमालक असल्यास सर्वांच्या सह्या आणि मालमत्ता तारण असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत पत्र जोडावे. जमीन विकास आराखड्यात केवळ उद्योगासाठी राखलेली असेल, तर आधी आराखड्यात फेरबदल मागावा लागतो.

मालकीहक्काचे पुरावे, मूळ मंजूर नकाशा आणि करपावत्या सहसा हाताशी असतात. वेळ जातो तो माती व भूजल तपासणीच्या अहवालात, आणि वास्तुविशारदाकडून घरांचे आराखडे काढून घेण्यापूर्वीच तो मागवावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्या जागेवर कोणकोणते उद्योग चालले याचा इतिहास आधी शोधला जातो आणि शंका आल्यास जमिनीत छिद्रे घेऊन नमुने तपासले जातात. कोळशापासून गॅस तयार होत असलेल्या जागी डांबर, बेंझिन आणि सायनाइड, तर कातडी कमावण्याच्या जागी क्रोमियम सापडू शकते. बेंझिनची वाफ फरशीच्या भेगांतून खोल्यांत शिरते, म्हणून तळमजल्यावर घरे असावीत की नाहीत, हेही याच अहवालावरून ठरते.

यासोबत संरचनात्मक परीक्षणाचा, म्हणजे वास्तूच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल लागतो. यंत्रांसाठी बांधलेले मजले घरांचा भार बहुधा पेलतात; गंजलेले पोलादी जोड आणि छतावरील अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे मात्र बारकाईने तपासावेत.

वास्तू वारसा यादीत असल्यास वारसा विभागाची संमती घ्यावी लागते, पण तेवढ्याने प्रकल्प अडत नाही. व्हिएन्ना येथे 1896 ते 1899 या काळात उभारलेल्या चार गॅसटाक्यांच्या विटांच्या बाह्यभिंती जपून 2001 पर्यंत आत घरे, विद्यार्थी वसतिगृह आणि कार्यक्रमांचे सभागृह उभे राहिले.

सामुदायिक जागा पहिल्याच अर्जात दाखवावी. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे पिंपे बनवणाऱ्या जुन्या कारखान्याचे वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी केलेले सेस्क पोंपेया हे सामुदायिक केंद्र 1982 पासून लोकांसाठी खुले आहे. अशी जागा किती मोलाची असते, हे तिथे दिसते. मात्र सभागृह गर्दीची जागा मानले जात असल्याने बाहेर पडण्याचे मार्ग, जिन्यांची रुंदी आणि घरांपासून अग्निरोधक भिंतीने केलेली विभागणी यांचे निकष त्याला अधिक कडक लागतात. सभागृह नंतर जोडल्यास सुधारित नकाशा आणि अग्निशमन दलाची संमती पुन्हा मिळवावी लागते.

काम संपल्यावर माती शुद्ध केल्याचा दाखला आणि अग्निशमन दलाची अंतिम संमती जोडून भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे वास्तू वापरण्यास दिलेल्या अंतिम परवानगीसाठी, अर्ज करावा, आणि ते हाती येईपर्यंत एकाही घराचा ताबा देऊ नये.