सोळा एमबीची अडचण : बायोस अपडेट आणि फसलेल्या अपडेटमधून सुटका

मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम म्हणजे बायोस. १९८१ च्या पहिल्या पीसीत ते ८ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या चिपमध्ये, कायमचं कोरलेलं होतं. त्यात चूक निघाली तर चिप काढायची आणि दुसरी बसवायची. नंतर पुसून पुन्हा लिहिता येणारी ईप्रॉम चिप आली. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असे; त्या खिडकीतून पंधरा-वीस मिनिटं अतिनील किरण सोडले की चिप कोरी होई, म्हणून एरवी खिडकीवर स्टिकर चिकटवलेला असे. त्या काळी अपडेट हे दुरुस्ती करणाऱ्याचं काम होतं. ते फसलं तर चिप पुन्हा यंत्रावर चढवायची, एवढंच.

खरी जोखीम फ्लॅश चिपसोबत आली, कारण आता चालू मशीनच स्वतःचं बायोस पुसून नव्याने लिहू लागलं. हे काम मध्येच अडलं तर पुन्हा सुरू व्हायला काहीच उरत नाही. १९९० च्या दशकात मदरबोर्डांवर दिसणाऱ्या एका लोकप्रिय १२८ केबीच्या चिपमध्ये यावर उपाय होता. तिच्यातले ८ केबी वेगळे राखलेले होते, त्याला बूट ब्लॉक म्हणत. उरलेला भाग डॉसमधल्या छोट्या प्रोग्रॅमने बदलता येई, पण या ८ केबींना हात लावायचा तर चिपच्या एका पायाला १२ व्होल्ट द्यावे लागत. म्हणजे कुलूप विजेचं होतं, सॉफ्टवेअरचं नव्हतं. अपडेट चालू असताना वीज गेली तरी हा तुकडा शाबूत राही. त्याला हार्डडिस्क कळत नसे, आणि काही बोर्डांवर तर चित्र फक्त जुन्या आयएसए प्रकारच्या डिस्प्ले कार्डावरच दिसे. फ्लॉपी मात्र वाचता येई. एका प्रकारच्या बायोसमध्ये ठरावीक नावाची फाइल फ्लॉपीवर ठेवून कंट्रोल आणि होम दाबून ठेवायचं. दुसऱ्या प्रकारात, सुरू होताच आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये फ्लॅशची आज्ञा आधीच लिहून ठेवायची. स्क्रीन काळी. फ्लॉपीचा दिवा आणि बीप यांवरून काय ते ओळखायचं. ज्यांनी हे केलं आहे त्यांना त्या दोन-तीन मिनिटांचं दडपण वेगळं सांगायला नको. फसलेल्या अपडेटमधून बाहेर पडण्याचे पुढचे बहुतेक मार्ग मला या ८ केबींचेच वंशज वाटतात.

मग सोयीसाठी ते कुलूप सैल झालं. कमी व्होल्टवर लिहिता येणाऱ्या चिप आल्या, आणि लिहिण्याला आडकाठी करणारा जंपर (बोर्डावरची पिनांची छोटी जोडणी) एक तर काढून टाकला गेला किंवा कारखान्यातूनच लिहिण्याच्या बाजूला लावलेला येऊ लागला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने याची किंमत दाखवली. डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसत असेच, शिवाय ठरावीक चिपसेटच्या (प्रोसेसरला बोर्डाच्या बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपच्या) बोर्डांवर बायोसमध्येही कचरा लिहीत असे. चिप सॉकेटमध्ये असेल तर निभावलं. सोल्डर केलेली असेल तर बहुतेकांना बोर्डच बदलावा लागला. तशाच दुसऱ्या बोर्डावर मशीन चालू करायचं, चालू असतानाच त्याची चिप उपसून मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर लिहायचं, ही हॉट फ्लॅशची युक्ती याच सुमारास रुळली. बोर्डावर दोन बायोस चिप लावण्याची कल्पनाही त्याच काळातली.

त्यानंतरची काही वर्षं भराभर सांगतो. २००५-०६ च्या आसपास आठ पायांच्या एसपीआय चिप आल्या. त्याच वेळी बायोसची जागा घेणारं यूईएफआय आलं, तरी बोलताना शब्द बायोस हाच राहिला. ऑपरेटिंग सिस्टिमने फाइल हवाली करायची आणि रीस्टार्टनंतर फर्मवेअरने ती स्वतः लिहायची, ही कॅप्सूल पद्धत रुजली. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेने डिजिटल सही नसलेलं बायोस स्वीकारू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्याच संस्थेने २०१८ मध्ये संरक्षण आणि बिघाडाचा शोध यांच्या जोडीला पूर्ववत होण्याची क्षमताही मागितली. बूट ब्लॉकची गरज अशी वीसेक वर्षांनी कागदावर आली.

आता जिथे थांबायला हवं तिथे येतो. एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) घेऊन रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले, तेव्हा हे सॉकेट २०२० पर्यंत चालवू असा शब्द निर्मात्या एएमडी कंपनीने दिला होता. एकच बोर्ड, त्यावर प्रोसेसरच्या अनेक पिढ्या. यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आली नाही. प्रत्येक पिढीला सुरू करणारा कोड त्याच एका चिपमध्ये मावायला हवा होता, आणि बहुतेक बोर्डांवरची चिप १६ एमबीची होती. हा आकडा सहज आलेला नाही. एसपीआय चिपच्या मूळ आज्ञांमध्ये पत्ता २४ बिटांचा असतो, आणि २४ बिटांत बरोबर १६ एमबी बसतात. त्याहून मोठ्या चिपसाठी पत्ता लांबवावा लागतो.

२०१९ मध्ये तिसऱ्या मालिकेचे रायझन आले आणि जागा संपली. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून चित्रांचा सेटअप गेला आणि साधा, मजकुराचा पडदा आला. काहींतून रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची सोय) गेलं, काहींनी त्याच सॉकेटच्या जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांचा आधार काढला. ३२ एमबीची चिप लावलेले सुधारित बोर्ड त्याच वर्षी बाजारात आले. म्हणजे दुखणं काय आहे हे सगळ्यांना कळलेलं होतं.

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं की रायझनची येणारी झेन ३ पिढी फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल. ४०० मालिकेचा बोर्ड वर्षभरापूर्वी घेतलेल्या माणसालाही रस्ता बंद. कारण दिलं ते बायोस चिपच्या जागेचं. ओरड एवढी झाली की १९ मे रोजी निर्णय फिरवावा लागला, पण अटींसह. हे बायोस बीटा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यातलं, असेल. ते एकेरी असेल, म्हणजे एकदा टाकलं की मागे फिरता येणार नाही. अनेक जुन्या प्रोसेसरांचा आधार त्यातून निघेल. आणि फाइल मिळेल ती नवा प्रोसेसर घेतल्याची खात्री पटवणाऱ्यालाच.

या शेवटच्या अटीमागची भीती खोटी नव्हती. हातात जुना प्रोसेसर असलेल्या कुणी ते बायोस टाकलं, तर अपडेट शंभर टक्के यशस्वी होतं, चेकसम (फाइल नीट लिहिली गेली का हे तपासणारा आकडा) जुळतो, काहीही बिघडलेलं नसतं, आणि तरी रीस्टार्टनंतर मशीन उठत नाही. उलटही तेच: नवा प्रोसेसर आणला, बोर्डावर जुनं बायोस, आणि ते बदलायला मशीन चालू व्हायला हवं. २०१८ मध्ये याच पेचासाठी कंपनीने ग्राहकांना अपडेटपुरता प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय केली होती. फसलेल्या अपडेटसाठी जन्मलेली सुटकेची साधनं आता न फसलेल्या अपडेटसाठीही लागू लागली, हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

पण म्हणून मूळ नकार योग्य होता असं मी मानत नाही. जागा कमी होती हे खरं. त्या जागेत कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हा मात्र निवडीचा भाग होता, आणि ती निवड बोर्ड वापरणाऱ्याला दोन बायोसमधून करू देता आली असती. पुढे तेच झालं. ४०० मालिकेच्या बोर्डांना बायोस मिळालं, आणि २०२२ मध्ये तर २०१७ च्या ३०० मालिकेलाही अधिकृत आधार मिळाला. चिप तेवढीच होती.

या गोंधळात ज्या सोयीने लोकांना तारलं तिचं नावच गोंधळात टाकणारं आहे. ‘फ्लॅशबॅक’ ऐकलं की वाटतं, जुन्या बायोसकडे परत जायचं बटण. तसं नाही. २०११ च्या सुमारास महागड्या बोर्डांवर आलेली ही सोय म्हणजे बोर्डावरचा एक छोटा स्वतंत्र कंट्रोलर. प्रोसेसर नको, रॅम नको. पॉवर सप्लाय जोडलेला पुरतो. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बोर्डाने सांगितलेल्या नावाची फाइल ठेवायची, ठरलेल्या पोर्टात लावायची आणि बटण दाबायचं. हा कंट्रोलर मुख्य बायोसमधली एकही ओळ चालवत नाही, म्हणून बायोसची अवस्था कितीही वाईट असली तरी तो काम करतो. बूट ब्लॉक पुसला जाऊ शकत होता. हा त्या चिपमध्ये राहतच नाही. वेगवेगळे निर्माते त्याला वेगवेगळी नावं देतात, आणि त्याच बोर्डावर ‘रिकव्हरी’ नावाची वेगळी सोयही असू शकते, जिला प्रोसेसर लागतो. मॅन्युअलमध्ये ‘प्रोसेसरशिवाय’ हा शब्द आहे का, ते पाहावं.

‘चालतंय तर बायोसला हात लावू नका’ हा जुना सल्ला याच वर्षांत मोडला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांमधल्या सुरक्षात्रुटींवरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामाची दुरुस्ती करणारा कोड) बायोसमधून आला, आणि मशीन अचानक रीस्टार्ट होऊ लागल्यामुळे एका निर्मात्याने त्याच महिन्यात त्याचं वाटप थांबवायला सांगितलं. तेव्हा जुना सल्ला बरोबर वाटला. पण एप्रिल २०२३ मध्ये एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर काही प्रोसेसर जळाल्यावर प्रोसेसरमधल्या एसओसी भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालणारं बायोस आलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या, इंटेलच्या, तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी जादा व्होल्टेज रोखणारा मायक्रोकोड आला. त्याने आधीच बाधलेला प्रोसेसर बरा होत नाही. इथे अपडेट लांबवणं हीच जोखीम होती.

बटण नसलेल्या बोर्डाला शेवटचा आधार अजूनही चिपला लावायची क्लिप आणि चिपवर लिहिणारं प्रोग्रॅमर यंत्र यांचाच. लिहिण्याआधी चिपमध्ये आहे ते वाचून दोनदा जतन करायचं आणि दोन्ही प्रती जुळतात का पाहायचं, कारण बोर्डाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) आणि सीरियल नंबर पुष्कळदा त्याच चिपमध्ये असतो, निर्मात्याच्या फाइलमध्ये नसतो. ती फाइल चिपपेक्षा २ केबी मोठी निघाली तर सुरुवातीला कॅप्सूलचं हेडर आहे, ते कापावं लागतं. चिप १.८ व्होल्टची असेल तर ३.३ चा प्रोग्रॅमर तिला थेट लावायचा नाही, मध्ये अ‍ॅडॅप्टर हवा. एएम५ चे बोर्ड सुरुवातीपासून ३२ एमबीच्या चिप घेऊन आले, आणि काही नव्या बोर्डांवर आता ६४ एमबीची चिप असते.