बोट ओढून आणणं (ठाणे खाडी आणि उत्तन किनारा)

बंद पडलेली, भरकटलेली किंवा पाणी भरायला लागलेली दुसऱ्याची बोट आपल्या बोटीला बांधून बंदरात आणायची आणि गरज पडली तर त्याआधी तिच्यावरची माणसं उतरवून घ्यायची, ही समुद्रावरची जुनी रीत. बोलताना लोक साधं 'ओढून आणली' म्हणतात, हल्ली 'टो करून आणली'. ठाणे जिल्ह्यात उत्तनच्या मोठ्या मच्छीमार बोटी, खाडीच्या बाजूला दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, ऐरोली-दिवा, ठाण्याचं चेंदणी अशा कोळीवाड्यांतल्या होड्या, आणि गळाची हौस असलेल्यांना किंवा फ्लेमिंगो बघायला आलेल्यांना भाड्याने नेणाऱ्या बोटी, हे सगळे यात येतात. सुटकेचा निर्णय सगळीकडे एकच माणूस घेतो, तो म्हणजे तांडेल, बोट चालवणारा प्रमुख.

तांडेल शब्द कुठून आला यावर जुन्या कोशकारांचं एकमत नाही. प्लॅट्स (१८८४) तो 'तांडा' म्हणजे माणसांची रांग किंवा टोळी, आणि त्यामागे संस्कृत 'तंत्र', असा जोडतो. मद्रासच्या जुन्या शब्दसंग्रहात मात्र मल्याळम 'तंडल' हे मूळ दिलंय, त्याची फोड 'तंडु' म्हणजे वल्हं आणि 'वलि' म्हणजे ओढणं अशी. दोन्ही मतं हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशाच्या १९०३ च्या आवृत्तीत शेजारी-शेजारी आहेत. तांड्याची व्युत्पत्ती मराठी कानाला लगेच पटते, पण तेलुगूतही 'तंडेलु' आहे आणि शब्द जास्त करून किनाऱ्याकिनाऱ्यानेच सापडतो, त्यामुळे वल्ह्याची बाजू जड वाटते. अर्थही सरकलाय. इंग्रजांच्या जहाजांवर 'टिंडल' हा सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुख्याच्या, हाताखालचा मुकादम होता, आपल्या मच्छीमार बोटीवर तांडेलाच्या वर कोणी नाही, असलाच तर नाखवा, म्हणजे मालक, आणि पुष्कळदा दोघं एकच असतात. 'नाखवा'बद्दल फारसा वाद नाही, फारसी 'नाव' अधिक 'खुदा', नावेचा धनी.

मदतीचा रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीचा असणार. लेखी नियमांत ठळक टप्पा १९१० चा ब्रुसेल्स करार, त्यात समुद्रावर जिवाच्या धोक्यात असलेल्या कुणालाही, अगदी शत्रूलाही, मदत करणं कप्तानाचं कर्तव्य ठरवलं. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात कलम ९८ मध्ये तेच आलं, भारतातही १९५८ च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टमध्ये अशी तरतूद होती. पण या करारांत एक अट सारखी येते, की आपली बोट, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका नसेल तर. मला वाटतं भाड्याच्या बोटीचा सगळा प्रश्न या 'प्रवासी' शब्दात आहे. मच्छीमार तांडेलाबरोबर पाण्याला सरावलेले खलाशी असतात, भाड्याच्या बोटीत पहिल्यांदाच पाण्यावर आलेलं कुटुंब असू शकतं, लाटेत उभं कसं राहायचं हेही त्यांना माहीत नसतं. म्हणून असा तांडेल पुष्कळदा दोर टाकत नाही, जवळ थांबून राहतो, वायरलेसवर किंवा फोनवर जागा कळवतो आणि मोठी बोट येईपर्यंत समोरच्यांना धीर देतो, आणि तीही पूर्ण मदतच आहे. गिऱ्हाइकाची ट्रिप वाया गेली हा मात्र थांबायचं टाळायला पुरेसा धोका नाही, करारात पैशाचं नुकसान कुठेच लिहिलेलं नाही.

कारणं बहुतेक वेळा वादळाची नसतात. इंजिन गरम होतं, डिझेलमध्ये पाणी जातं, पाण्याखालच्या पंख्यात तुटकं जाळं नाहीतर प्लास्टिक गुंडाळतं, ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, सुरूच होत नाही. बंद बोट वारा आणि पाणी नेईल तिकडे जाते, म्हणून पहिलं काम नांगर टाकणं. ओढणाऱ्याने वाऱ्याचा अंदाज घेऊन असं जवळ जायचं की दोन्ही बोटी एकमेकींवर आपटणार नाहीत, आधी बारीक दोरी फेकायची, तिला जाड दोर बांधून पाठवायचा. दोर बंद बोटीच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, मजबूत ठिकाणी, शक्यतो दोन्ही बाजूंना भार वाटून बांधतात, बाजूला बांधला तर बोट आडवी होऊन उलटू शकते. उघड्या समुद्रात दोर लांब लागतो, दोन्ही बोटी लाटेवर एकाच वेळी चढल्या आणि एकाच वेळी उतरल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक लाटेला हिसका बसतो. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो, त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि दोर कापायला कोयता हाताशीच ठेवायचा. दोर सैल पडून आपल्याच पंख्यात गेला की मदतीला आलेली बोटही बंद. मागच्या बोटीतली माणसं मागे बसवतात, नाळ उचललेली राहते. बंदराजवळ आल्यावर दोर आखडतात किंवा बोट बगलेला बांधून घेतात.

खाडीत हिशेब वेगळा. ठाणे खाडी गाळाने भरलेली, ओहोटीला दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो, आणि पुलांच्या खांबांमध्ये पाणी जोरात ओढतं. चिखलावर बसलेली बोट सहसा ओढत नाहीत, तळ फुटू शकतो, साधारण साडेबारा तासांत येणाऱ्या पुढच्या भरतीची वाट बघतात. पण हे भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ठीक. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ऐन भरतीत बोट चढून बसली तर नंतरच्या भरत्या दिवसेंदिवस उतरत जातात आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळपास पंधरवडाभर, तिथेच अडकू शकते.

सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते रामदासचं. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून ७५ च्या आसपास लोक वाचवले असं सांगतात. आकड्याबद्दल घासाघीस होईल, मासळी टाकली हा भाग महत्त्वाचा, कारण ती त्या घरांची कमाई होती. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले, पण वर काढलेल्यांपैकी पन्नासहून जास्त लोक जवळच असलेल्या बंदराच्या पायलट बोटीने, म्हणजे मोठ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या बोटीने, उचलले होते.

साधनांत व्हीएचएफ वायरलेसचं चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबर हे आधी. इस्रोचं धोक्याचा सिग्नल देणारं यंत्र काही बोटींवर असतं, ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीची जागा कळवणारं यंत्र, बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला सुरू झाली. काहीच नसेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे, ही आंतरराष्ट्रीय नियमांतली खूण आहे. पर्यटकांच्या नेहमीच्या हात हलवण्यापेक्षा ती वेगळी दिसते, आणि भाड्याच्या बोटीवर चढतानाच ती सगळ्यांना दाखवायला हवी.

पैशाची रीत अशी की माणसांचे घेत नाहीत, बोट ओढल्याचं फार तर डिझेल भरून देतात. १९८९ च्या साल्व्हेज, म्हणजे संकटातली बोट-माल वाचवण्याच्या, करारातही वाचलेल्या माणसाकडून मोबदला मागता येत नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बिगरयांत्रिक होड्या तेवढ्या चालू राहतात. रामदास बुडाली ती तारीख आज या बंदीत येते, म्हणजे त्या दिवशी मासळी घेऊन समोरून येतील अशा यांत्रिक बोटी आता किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.